ना-हरकत

मिरज,
३ मार्च २०२५

प्रति,
मा. सचिव,
सुप्रभात एन्क्लेव्ह रहिवासी संघ,
के. आर. पुरम, बेंगळुरू.

विषय : फ्लॅट क्र. २०३ च्या विक्रीसाठी ना-हरकत पत्र मिळणेबाबत.

महोदया,

माझ्या नावावर असलेला वरील फ्लॅट विकण्याचे आम्ही ठरवले आहे. घेणारे श्री. यशोवर्धन निंबकर पुण्याचे असून व्हाइटफील्डला नोकरीला आहेत. त्यांच्या बँकेला संघाचे ना-हरकत पत्र हवे आहे. आमच्याकडे देखभालीची कोणतीही थकबाकी नाही. पत्र लवकरात लवकर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
नयना उमाकांत देवस्थळी

शिवलीला,

अर्ज एजंटाने सांगितला तसा लिहिला. सचिव तू आहेस हे मला ठाऊक आहे, पण अर्जात तुझं नाव कुठे घालायचं ते कळेना. ‘महोदया’ लिहिताना हात थांबला नाही, याचंच नंतर आश्चर्य वाटलं.

फोन करायला हवा होता. पण फोनवर आपण दोघी काय बोलणार? म्हणून कागद पाठवते आहे.

इथे भावाकडे आहोत. त्याला आता एकट्याने जमत नाही, आम्ही जवळ असलो तर बरं, म्हणून विकायची घाई आहे. दुसरं काही कारण नाही. केस चालूच राहील. तारखेला हे हजर राहतील. वकिलांनी कोर्टाला मिरजेचा पत्ता दिला आहे.

नयना

*

के. आर. पुरम,
१४ मार्च २०२५

ती. नयनाक्का यांस,

नमस्कार. अर्ज मिळाला.

तुमचे भाऊ एकटे नाहीत. त्यांच्याकडं दोन सुना आहेत. गेल्या दिवाळीत तुम्हीच मला फोटो दाखवलात. ते असो. मी विचारत नाही.

बिल्डिंगमधले लोक म्हणतात, देवस्थळी केस बुडवून पळाले. मी कुणाला काही म्हणत नाही. दुसरे लोक मला सांगायला येतात, तुमच्या सासूबाईंचं वय झालं होतं, आज ना उद्या जायच्याच होत्या. त्यांनाही मी सरी, बरं, म्हणते. ऑफिसात जाते, येते. आमच्या साहेबांनी मला विचारलं, इतक्या लवकर जॉइन झालात? मी म्हटलं, घरी काय करू? मला रडू आलं नाही अजून, अक्का. आईसाठी नागराज रडले, अज्जीसाठी कावेरी रडली. मी त्या दिवशी हॉस्पिटलचे फॉर्म भरत होते ते भरतच बसलेय असं वाटतं.

आता मुद्द्याचं लिहिते.

त्या दिवशी उमाकांत अण्णांनी गाडी मागं घेतली आणि अव्वा गाडी न् भिंतीच्या मध्ये सापडल्या. भिंतीकडेच्या वेलाचा पावटा तोडत होत्या. एवढं मला पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर वॉचमन देवाप्पा धावत आला, रिक्षा आणायला परत रोडवर गेला. तो येईपर्यंत खाली फक्त अण्णा होते आणि अव्वा. देवाप्पा म्हणतो, अज्जी बोलत होत्या. त्यानं लांबून बघितलं, ओठ हलत होते. मी ऑफिसातून हॉस्पिटलला पोचले तेव्हा त्यांची शुद्ध गेली होती.

काय बोलल्या त्या?

अण्णांनी पोलिसांना सांगितलं, काही नाही. नागराजनी विचारलं तर तोंड फिरवलं. माझ्या सासूला अण्णा रोज दुपारी बेळगावचा पेपर वाचून दाखवायचे. तिला अक्षरओळख नव्हती. आमच्यापैकी कुणाला तेवढा वेळ नव्हता. तिच्याशी सगळ्यात जास्त बोलणारा माणूस तोच, आणि शेवटचं ऐकणाराही तोच. मला दुसरं काही नको. माफी नको. ती काय म्हणाली तेवढं पाहिजे.

ते कळल्याशिवाय तुमच्या कागदावर सही करायला माझा हात उठत नाही. नियमात असं बसत नाही, माहिती आहे. तक्रार करायची तर करा.

शिवलीला

*

मिरज,
२२ मार्च २०२५

प्रिय शिवलीला,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. सगळं. हे खिडकीशी बसले होते, तसेच बसून राहिले.

यांचं बोलणं जवळजवळ बंद आहे. जेवायला वाढलं की जेवतात. आंघोळीला पाणी काढलं की उठतात. पस्तीस वर्षं कारखान्यात मशीनशी बोलणारा माणूस, घरी आल्यावर गप्प बसायचा नाही. आता मीच बोलते. भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलते. आज ऊन आहे. आज पाणी लवकर आलं.

तू विचारलंस म्हणून मी त्यांना पुन्हा विचारलं. परवा सांगितलं त्यांनी. अव्वा म्हणाल्या, ‘शिवलीलाला सांगा, तिने माझी मुलीसारखी सेवा केली. माझा तिला आशीर्वाद आहे.’ एवढंच बोलल्या आणि डोळे मिटले.

हे ऐकून तुझ्या मनाला थोडी शांती मिळेल, असं वाटतं.

निंबकरांच्या बँकेने एप्रिलच्या मध्यापर्यंत मुदत दिली आहे. जमलं तर बघ.

तुझी,
नयना

*

के. आर. पुरम,
२ एप्रिल २०२५

नयनाक्का,

ना-हरकत पत्र सोबत जोडलंय. सही, शिक्का दोन्ही आहे. बँकेला आणखी प्रत पाहिजे असली तर सांगा.

अव्वांनी मला जन्मात कधी ‘शिवलीला’ म्हटलं नाही. शिवी म्हणायच्या. रागात असल्या की ‘नागूची बायको’. आणि ‘सेवा’? तो शब्द त्या मठातल्या स्वामींसाठी ठेवून होत्या. मी त्यांचे पाय चेपायला बसले तर लाथ मारून म्हणायच्या, ऊठ, भात करपतोय.

तुम्ही हे स्वतः लिहिलंत. चांगलं लिहिलंय. कुणाच्याही सासूला शोभेल असं.

मला राग आला नाही. यायला पाहिजे होता. पत्र घडी करून फ्रिजवर ठेवलं आणि कणीक मळायला घेतली. रात्री नागराजना दाखवलं. ते म्हणाले, कागद अडवून ठेवून काय मिळणार? अण्णा बोलायचे असले तर बोलतील. तू सचिव आहेस, सही कर. म्हणून केली. तुमच्या लिहिण्यामुळं नाही.

तुमच्या यशोवर्धनचा मला फोन आला होता. “आंटी, फ्लॅटमध्ये काही इश्यू नाही ना? इतक्या अर्जंटली का विकतायत?” मी सांगितलं, फ्लॅटमध्ये काही नाही. उजेड आहे, कावेरी नदीचं पाणी येतं, माणसं चांगली होती. पार्किंगमध्ये जानेवारीत अपघात झाला, माझ्या सासूबाई गेल्या. तो म्हणाला, “सो सॉरी, आंटी. स्लॉट बदलून मिळेल का?”

मिळेल म्हटलं. पिराजी मामांचा स्लॉट रिकामाच असतो, त्यांच्याकडं गाडी नाही. त्यांना विचारलं, ते हो म्हणाले. तेही लिहून पाठवते.

तुम्ही गेल्यापासून माझ्याशी मराठी बोलणारं या जिन्यावर कुणी उरलेलं नाही. घरात अव्वा होत्या म्हणून नागराज मराठी बोलायचे. आता ते आणि कावेरी कन्नडच बोलतात. मीही तेच बोलते. स्वल्प विचित्र वाटतं, एवढंच.

शिवलीला

*

मिरज,
१९ एप्रिल २०२५

प्रिय शिवलीला,

तू सही केलीस. मी ज्यासाठी खोटं लिहिलं ते तू खोट्याशिवायच दिलंस. यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. मी दोन संध्याकाळी बसून ते वाक्य तयार केलं. तुला ऐकायला बरं वाटेल आणि आमचं काम होईल, असं दोन्ही डोक्यात होतं. कुठलं आधी होतं ते मला सांगता येणार नाही.

भावाचंही खोटंच होतं. खरं लिहिते. फेब्रुवारीत जामीन झाल्यावर हे घरी आले. रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत उभे राहायचे. एका दुपारी मी बँकेतून आले तर घरात नव्हते. गच्चीवर गेले. कठड्यापाशी चप्पल नीट काढून ठेवली होती आणि हे अनवाणी उभे होते. मी हाक मारली नाही. हाक मारली तर काय होईल ते कळेना. जवळ गेले, हात धरला, खाली आणलं. तेही आले. त्याच आठवड्यात आम्ही तिथून निघालो आणि मी एजंटाला म्हटलं, मिळेल त्याला दे, फक्त लवकर दे. त्या गच्चीखाली मला यांना एक दिवसही ठेवायचं नव्हतं. लोक म्हणतात ते बरोबर आहे. पळालोच.

नोंदणी गुरुवारी झाली. मी एकटीच आले होते. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात बोटांचे ठसे दिले, कॅमेऱ्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, “स्वल्प नगी मॅडम,” जरा हसा, फोटो येतोय. मी हसलेही असेन.

नंतर किल्ली द्यायला बिल्डिंगवर गेले. निंबकर आणि त्यांची बायको ईरा आले होते. चांगली मुलं आहेत. ईरा खोल्यांमधून फिरत सोफा कुठे, पाळणा कुठे असं मोजत होती. दिवस गेलेत तिला. बावीस वर्षं ज्या घरात काढली ते रिकामं कसं दिसतं हे बघून मला काही तरी होईल म्हणून मी पर्समध्ये गोळी ठेवली होती. काहीच झालं नाही. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन होता. मी तो बघितला आणि ईराला सांगितलं, गीझरचं बटण उलटं आहे.

खाली उतरताना तुमच्या मजल्यावर थांबले. तुझ्या चपला बाहेर होत्या. बेलपर्यंत हात नेला. मग वाटलं, तू दार उघडलंस तर मी तोंडातून काय काढणार? परत खोटंच काही तरी. तशीच उतरले.

तुला हे कळवायची गरज नव्हती. पण आता तुझ्यापासून काही ठेवायचं नाही, असं ठरवलं आहे.

नयना

*

के. आर. पुरम,
२७ एप्रिल २०२५

नयनाक्का,

मी दाराच्या आतच होते.

त्या दिवशी मी रजा टाकली होती. तुम्ही येणार हे यशोवर्धनकडून कळलं होतं. जिन्यावर तुमची पावलं ऐकली, भिंगातून बघितलं. तुम्ही बारीक झालात. तुम्ही हात वर केलात तेव्हा माझा हात कडीवर होता. बेल वाजली असती तर उघडलं असतं. वाजली नाही तर कसं उघडू?

गच्चीचं मला माहिती नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडं यायला पाहिजे होतं असं लिहिणार होते. पण कुठल्या तोंडानं आला असतात? तेही खरं.

गच्चीच्या दाराला मी आता कुलूप लावून घेतलंय. किल्ली माझ्याकडं असते.

अव्वा काय म्हणाल्या ते मी आता विचारणार नाही. अण्णांना त्रास देऊ नका. त्यांना जपा.

शिवलीला

*

मिरज,
१८ मे २०२५

प्रिय शिवलीला,

हे पत्र पाठवू की नको याचा मी आठवडाभर विचार केला. यांचं म्हणणं नको. माझं म्हणणं हो. शेवटी यांनी स्वतःच पत्ता घालून पाकीट दिलं.

तुझं मागचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. दाराच्या आत तू आणि बाहेर मी, हे ऐकल्यावर यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “ती अजून विचारतेय?”

मी म्हटलं, “नाही. आता विचारणार नाही म्हणते. तुम्हाला जपा म्हणते. गच्चीला कुलूप लावलंय तिने.”

हे उठून आत गेले. मला वाटलं झोपले. थोड्या वेळाने बाहेर आले आणि उभ्याउभ्याच बोलायला लागले. मी आठवेल तसं लिहिते. या वेळी एकही शब्द माझा नाही.

गाडीला काही लागल्यासारखं वाटलं म्हणून हे उतरले. अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. रक्त दिसत नव्हतं. पदरात शेंगा तशाच होत्या. यांनी विचारलं, “अव्वा, लागलं का?” तर म्हणाल्या, “काय न्हाई रे. दम लागला नुसता.” देवाप्पा रिक्षा आणायला पळाला. हे जवळ बसले, पाठीला हात लावला. अव्वांनी यांचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “शिवीला सांगू नगंस हां. वरडंल मला. खाली जाऊ नगा म्हणून कालच दम दिलाय तिनं.”

हे म्हणाले, “नाही सांगत.”

“शपथ घे.”

“घेतली.”

मग त्यांनी पदरातल्या शेंगा यांच्या हातात दिल्या. “ह्या तुझ्याकडं ठेव. उद्या ती कामावर गेली की मागनं नेते.” त्यानंतर त्यांना बोलता येईना. यांचं मनगट मात्र त्यांनी रिक्षात घालेपर्यंत सोडलं नाही.

मी यांना म्हटलं, हे एवढे महिने का नाही सांगितलंत? तर म्हणाले, “काय सांगू? की जाताना तुझ्या सासूला तुझी भीती वाटत होती? एक तर मी तिची सासू मारली. वर हे ओझं तिच्या डोक्यावर ठेवू? आणि मी शब्द दिला होता.”

मी म्हटलं, ज्यांना शब्द दिलात त्या गेल्या. जिच्यापासून लपवायचं ती दारात उभी आहे.

शिवलीला, मला माहीत नाही मी बरोबर केलं की नाही. हे वाचून तुला माझं खोटंच बरं होतं असं वाटलं, तर तसं लिही. मी ऐकून घेईन.

नयना

*

के. आर. पुरम,
१ जून २०२५

नयनाक्का आणि अण्णा,

दोघांना नमस्कार.

पत्र आलं तेव्हा मी ऑफिसातून नुकतीच आले होते. पर्स खांद्यावर तशीच, आधी कुकर चढवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. ‘शिवीला सांगू नगंस’ इथं आले आणि मला हसू आलं. खरंच हसले, अक्का. आवाज मला ऐकू आला. अगदी तीच ती. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

अण्णा, त्यांना माझी भीती नव्हती. तुम्हाला पेपर ऐकणारी म्हातारी माहिती, मला घरातली माहिती. गूळ चोरून खायच्या, डब्याला मुंग्या लागल्या की कावेरीचं नाव सांगायच्या. बीपीची गोळी पानाबरोबर थुंकायच्या. मी रोज पकडायची, रोज वरडायची. त्यांना ते पाहिजे असायचं. एखादा दिवस मी दमून गप्प बसले तर विचारायच्या, “का ग, आज बरं न्हाई?”

मग मी काय केलं ते लिहिते. कुणाला सांगू नका, वेडी म्हणतील. मी हसत होते आणि एकदम ओरडले. घरात कुणी नव्हतं. “तुम्हाला किती वेळा सांगितलं खाली जाऊ नका म्हणून! गुडघा धड नाही आणि पावटा पाहिजे! बाजारात मिळत नाही पावटा? आमचं ऐकायचं नाही म्हणजे नाहीच!” सगळं बोलले. जोरात. मराठीत. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी बोलत होते. नागराज बाहेरून धावत आले, कुणावर ओरडतेस? त्यांना बघितलं आणि मग मला रडू फुटलं. खाली फरशीवरच बसले. किती वेळ ते नागराजना विचारा. त्यांच्यामागून आलेल्या कावेरीनं गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. साहेबांना खरं कारण सांगितलं, सासूबाई गेल्या म्हणून. ते म्हणाले, अहो, त्याला पाच महिने झाले. मी म्हटलं, हो.

अण्णा, माफ केलं असं मी लिहीत नाही. तो शब्द माझ्याकडं अजून नाही आणि नसलेला लिहिणार नाही. कोर्टात मला विचारलं तर जे झालं ते सांगेन, कमी नाही, जास्त नाही. पण तुम्ही शपथ मोडून मला सांगितलंत. त्या माझ्याच होत्या, त्यांचं शेवटचं बोलणं माझ्याकडं आलं.

तारीख या महिन्याच्या शेवटी आहे असं वकील म्हणाले. तुम्हाला यावंच लागेल. घर विकलंत म्हणून हॉटेलात उतरू नका. आमच्याकडं या. मी नागराजना विचारलं. त्यांनी ताट उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं. मग म्हणाले, “सरी. येऊ देत.”

रात्रीची गाडी पहाटे पोचते, तेव्हा पुढचं गेट बंद असतं. तरी तिकडंच थांबा, मी खाली येऊन उघडते. मागच्या गेटनं येऊ नका. तिथून पार्किंगमधून यावं लागतं.

तुमची,
शिवी